सोपानरावांचा उजवा पाय

श्रीवर्धनच्या त्या प्रवासाबद्दल मी इतक्या वेळा बोललो आहे, की आमच्या सोसायटीतल्या काही जणांना तो पाठ झाला असेल. मुळशीचं निळं पाणी, ताम्हिणीतल्या कारवीच्या काटक्या, माणगावच्या पुढची कौलारू घरं, शेवटी मडक्यात भाजलेली पोपटी. ऐकणाऱ्यांना वाटतं, काय नजर आहे या माणसाची. खरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. जाताना मी खिडकीबाहेर फारच थोडं बघितलं. मी बघत होतो तो आमचे ड्रायव्हर सोपानराव यांचा उजवा पाय. तो पाय अगदी बरोबर होता. हे मला तेव्हाही दिसलं होतं, आणि तरी मी ते बोललो नाही.

आता सगळं झालं तसं सांगतो. प्रवासाचं वर्णनही येईलच, कारण गेलो होतो हे तर खरं आहे.

बुधवार पेठ

माझं दुकान बुधवार पेठेत. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या. राहायला कोथरूडला. पुण्यात आता वीज फारशी जात नाही, पण कोकणात वारा सुटला तरी जाते, त्यामुळे तिकडच्या दुकानदारांना माझा माल जायचा. बॅटरी म्हणजे शिसं. दिसायला खोकं लहान, उचलायला गेलं की कंबर बोलते. अशा मालासाठी मी नवी पिकअप घेतली आणि सोपानरावांना ठेवलं.

ते हिंजवडीकडचे. घरची जमीन होती, ती कंपन्यांत गेली. आधी ट्रॅक्टर, मग टेम्पो, मग माझी गाडी. वयानं माझ्यापेक्षा मोठे. मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नाही, आणि याचं मला मनातून कौतुकही होतं. माझं स्वतःचं.

पहिलं वर्ष नीट गेलं. मग मी पिकअपचे पाटे वाढवले. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असते. जास्त माल भरला की ती बसते आणि गाडी मागून झुकते. म्हणून आपल्याकडे पिकअप घेतली की लोक कमानवाल्याकडे जातात आणि दोन पट्ट्या जादा घालून घेतात. कंपनीला ते चालत नाही, पण घालतात सगळेच. मीही घातल्या. त्या दिवशी सोपानराव गावच्या जत्रेला गेले होते, म्हणून गाडी मीच नेली होती. काम संपल्यावर कमानवाला म्हणाला, "शेठ, मागच्या ब्रेकचा दांडा तेवढा जुळवून घ्या बरं का वर्कशॉपमधून."

हा दांडा मागच्या बाजूला खाली असतो. गाडी किती बसली आहे त्यावरून मागे वजन किती हे तो ओळखतो आणि मागच्या चाकांना तेवढा ब्रेकचा जोर सोडतो. पाटे वाढवले की गाडी बसतच नाही. मग मागे कितीही शिसं भरा, दांड्याच्या लेखी गाडी रिकामीच. मागचे ब्रेक नुसते नावाला राहतात आणि सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. मी "हो, हो" म्हटलं आणि निघालो. वर्कशॉपमध्ये गेलो नाही. तिथं त्यांनी जादा पट्ट्या पाहिल्या असत्या आणि वॉरंटी बंद केली असती. दांड्याचं बोलणं माझ्या एकट्याशी झालं होतं. मी ते सोपानरावांना सांगितलं नाही. तेव्हा लपवलं असं नाही, राहून गेलं. लपवणं नंतर सुरू झालं.

पुढचे ब्रेक पॅड वेळेच्या फार आधी संपले. बदलले. पुन्हा संपले. सोपानराव म्हणाले, "शेठ, पेडल बदललंय. आदी वरच धरायचं. आता भरल्या गाडीला दगडावर पाय ठिवल्यागत लागतंय, जोर लावावा लागतोय, पन गाडी काय थांबंना. आन उताराला तर मऊच पडतंय."

पॅड बदलणाऱ्या नाक्यावरच्या मेकॅनिकनं वरवर पाहिलं आणि सांगितलं, "ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून चालवत असणार. बहुतेक वेळा तेच असतं." मला ते सोयीचं वाटलं. सोपानराव बाजूलाच उभे होते.

आमच्या शेजारी वायरचं दुकान असलेले आपटे यांनी तर रोजच चालवलं. "काय हो, ब्रेक आता वाणसामानात धरलेत का? तेल, साखर, पॅड?" टेम्पो स्टँडवर ते पोचायला वेळ लागला नाही. तिथले लोक म्हणायला लागले, "सोपानराव, येताना उजवा पाय घरी ठिवून येत जावा." ते हसायचे. पुढं पुढं हसायचे थांबले.

तेव्हा मी ठरवलं, की श्रीवर्धनच्या फेरीला आपण बरोबर जावं. म्हटलं, "सोपानराव, तिकडच्या दुकानदारांनाही भेटून होईल."

"बरं हुईल शेठ," ते म्हणाले. "तुम्ही बाजूला बसा आन सोता बगा."

पौड, मुळशी, ताम्हिणी

थंडीचे दिवस होते. बायकोनं डब्यात गुळाच्या पोळ्या दिल्या आणि म्हणाली, "समुद्राचा फोटो काढा, बॅटऱ्यांचा नको." चांदणी चौक ओलांडला की पुणं संपतं असं आम्ही लहानपणी मानायचो. आता पौडपर्यंत ते संपतच नाही, मग एकदम संपतं.

सोपानरावांनी गाडी सुरू करण्याआधी चपला काढून सीटमागे ठेवल्या. "चपलंतनं कळत न्हाई पेडल काय म्हनतंय ते." मी त्यांच्याकडे कधी असा बसून पाहिलं नव्हतं. टाच खाली टेकलेली. पाऊल ॲक्सिलरेटरवर, लागेल तेव्हाच डावीकडे सरकायचं, दाबून लगेच परत. चढाला तर ते ब्रेककडे फिरकतसुद्धा नव्हतं. मी बाहेर बघायचा आव आणून पायाकडे बघत होतो. त्यांनाही ते कळत होतं आणि ते आणखी सावध चालवत होते. परीक्षेला बसलेल्या माणसासारखे.

पौडला मिसळ खाल्ली. म्हणजे मी खाल्ली. सोपानरावांनी घरची भाकरी आणि खर्डा सोडला. हॉटेलवाल्याकडून फक्त कांदा मागून घेतला आणि तो बुक्कीनं फोडला. मला एक चतकोर दिली. खर्डा असा की डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "पुन्याच्या मान्साला सोसंना व्हय?" म्हटलं, "तुम्ही पण आता पुण्याचेच." ते म्हणाले, "कागदावर."

मुळशीच्या धरणाच्या कडेनं रस्ता जातो तिथं पाण्यावर धुकं होतं असं मी नेहमी सांगतो. असेल. मी तेव्हा स्पीडोमीटर बघत होतो.

ताम्हिणीचा उतार लागला तसे त्यांनी गिअर खाली घेतले. इंजिन गुरगुरत गाडी धरून होतं. वळणावर ते ब्रेक दाबायचे, सोडायचे. दाबायचे, सोडायचे. शिकवायला घ्यावा असा पाय. आणि तरी थोड्याच वेळात जळका वास आला. सोपानरावांनी पेडल मारून पाहिलं. ते बरंच खाली गेलं.

"बगा. मऊ झालं."

त्यांनी एका रुंद जागी गाडी घेतली, चाकाला दगड लावला. पुढच्या चाकांजवळ उभं राहवत नव्हतं इतकी धग. मी मागे गेलो आणि मागच्या ड्रमला हळूच हात लावला. उन्हात ठेवलेल्या बादलीइतकं कोमट. गाडीत शिसं सगळं मागे, आणि मागच्या चाकांनी काही कामच केलेलं नव्हतं. त्या क्षणी कमानवाल्याचं वाक्य मला शब्दाशब्दानं आठवलं. विसरलो होतो असं नाही. पण तोवर ते मी बाजूला ठेवू शकत होतो.

सोपानरावही मागे आले. त्यांनीही हात लावला. "शेठ, मागली गार हायेत. आसं कसं?"

"वारा लागतो मागच्यांना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या लेखी मी शिकलेला माणूस, बॅटऱ्या विकतो, असलं सगळं मला माहीत असणार. "व्हय, आसंल," ते म्हणाले.

समोर एक बाई चुलीवर चहा करत होत्या. आम्ही दोन-दोन कप घेतले. चाकं निवेपर्यंत त्यांनी आम्हाला त्यांच्या जावयाची सगळी हकिकत सांगितली. तो बँकेत आहे आणि भात खात नाही, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. निघताना पेडल परत वर आलं होतं.

म्हसळ्याच्या अलीकडे

माणगाव सोडल्यावर रस्ता लहान होतो, झाडी जवळ येते आणि माणसं घाई सोडतात. आपल्याकडे रस्ता विचारला की लोक आधी तुम्हाला तो का माहीत नाही ते विचारतात. इकडे एक गृहस्थ रस्ता सांगता सांगता आमच्याबरोबर बरंच चालत आले.

म्हसळ्याच्या अलीकडे एक उतार आहे. वळणावरून बाहेर पडतो तर समोर एसटी उभी, कुणी म्हातारी चढत होती. सोपानरावांनी ब्रेक दाबला. मी पाहिलं, पाऊल पूर्ण खाली गेलं, पेडल फरशीला टेकलं आणि गाडी चालतच राहिली. त्यांनी गिअर खाली ओढला, हँडब्रेक उचलला आणि गाडी डावीकडच्या तांबड्या दरडीला घासत नेली. एसटीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो.

थांबवलं ते हँडब्रेकनं. हँडब्रेक तारेनं ओढला जातो आणि फक्त मागच्या चाकांना लागतो. म्हणजे मागचे ब्रेक शाबूत होते, पेडलचा जोर तेवढा त्यांच्यापर्यंत जात नव्हता. हे मला तिथं बसल्या बसल्या समजलं. आणखी काही समजायचं शिल्लक राहिलं नाही.

आरसा गेला, डावा दिवा फुटला, मागे एका बॅटरीतून ॲसिड सांडलं. कुणाला लागलं नाही. एसटीचा कंडक्टर येऊन बघून गेला. "पुण्याचे काय? घाट जरा दमानं उतरावा. आमच्याकडे समुद्र कुठं पळून जात नाही." जमलेल्यांपैकी एकानं पेडलकडे वाकून विचारलं, "ब्रेक जाळलेत वाटतं?" सोपानरावांनी मान खाली घातली. मी खिशातून रुमाल काढून ॲसिड कुठं सांडलंय ते बघायला गेलो. तिथं बघण्यासारखं फार नव्हतं.

पुढं अगदी सावकाश, हँडब्रेकवर हात ठेवून त्यांनी गाडी श्रीवर्धनला नेली.

श्रीवर्धन

आमचे तिथले दुकानदार दिवेकर. घरामागे सुपारीची वाडी, त्यात पाटाचं पाणी. दुपारी दुकान बंद करून झोपायची पद्धत पुण्याइतकीच कडक, फरक एवढाच की इथं दारावर पाटी नसते, तुम्हाला उठवून जेवायला बसवतात. वालाचं बिरडं, भात, सोलकढी. सोपानराव पडवीत बसत होते. दिवेकरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं.

संध्याकाळी त्यांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. तोंडही पाल्यानं बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. आमच्या देशावरच्या हुरड्याचा हा कोकणातला भाऊ. शेंगांना पाल्याचा जो कडवट वास लागतो तो मला अजून आठवतो. सोपानराव म्हणाले, "आमच्या वावरात हुरडा व्हायचा. पाव्हनं यायचं पुन्यातनं." दिवेकरांनी विचारलं, "आता?" ते म्हणाले, "आता तितं गाड्या लावत्यात."

मग वाटेतला प्रसंग ऐकून दिवेकर गमतीनं म्हणाले, "काय हो, बॅटऱ्या आणायला ड्रायव्हर लागतो की देव?" सगळे हसले. मी पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानिक मेकॅनिकनं नवे पॅड घातले, ऑइल बदललं. तोवर आम्ही समुद्रावर गेलो. भरती ओसरत होती. किनारा लांबलचक आणि रिकामा. सोपानराव चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभे होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"शेठ, काल आख्खा रस्ता तुम्ही माज्या पायाकडं बगत व्हता. मला ठावं हाय. त्यासाटनंच तर आला तुम्ही. आता खरं सांगा. पाय कुटं व्हता माजा?"

यावर एका वाक्यात उत्तर होतं. ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग गाडीत खोट कशाची, आणि मग दांडा, आणि मग मला कधीपासून माहीत होतं. एसटीजवळची म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर आली.

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, सोपानराव. मी बाहेर बघत होतो."

त्यांनी हातातल्या चपलांची वाळू झटकली. मला वाटलं, आता खोटेपणा तोंडावर मारतील. त्यांनी तो तसा घेतलाच नाही. त्यांना वाटलं, पाय ब्रेकवर होता हे मी पाहिलंय आणि वडीलधाऱ्याचा मान राखायला बोलत नाही. मी आजवर त्यांच्याशी ज्या अदबीनं वागलो, तीच इथं उलटली.

"लई चांगलं मानूस तुम्ही," ते म्हणाले. "दुसऱ्यानं तोंडावर सांगितलं आसतं."

परतीचा रस्ता

येताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा. माजं मन धजंना." मी चालवली. गाडी रिकामी, घाट चढायचा. ब्रेकला काम असं नव्हतंच.

"बगा, तुमच्या पायाखाली कसं गुमान चाललंय," सोपानराव म्हणाले.

तेव्हा मात्र मी बाहेर बघितलं. आत बघवत नव्हतं. कारवीच्या काटक्या, दरीतली ऊन-सावली, मुळशीचं निळं पाणी, मी जे जे लोकांना सांगतो ते सगळं या परतीच्या रस्त्यावरचं आहे. मध्ये थांबून फोटोही काढले. बायको म्हणाली, छान आलेत.

पुन्हा पुणं

महिना संपायच्या आत सोपानराव दुकानात आले. किल्ली काउंटरवर ठेवली. "शेठ, दुसरा बगा कुनीतरी. कुनाच्या अंगावर जायला नको." मी म्हटलं, "अहो, असं काय करता." आणखी काहीतरी म्हटलं. अडवलं नाही.

नंतर एक दिवस मी गाडी ओळखीच्या गॅरेजात नेऊन दांडा जुळवून घेतला. अर्ध्या सकाळचं काम. मग नवा ड्रायव्हर आला. पॅड टिकले. टिकतच राहिले.

आपटे म्हणाले, "पाहिलंत? माणूस बदलला, ब्रेक सुधारले. मी सांगत नव्हतो?" मी त्यांना चहा पाजला. स्टँडवरही तेच झालं. सोपानरावांच्या पायाबद्दल ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही फिटली. याहून पक्का पुरावा काय असणार? तो मीच तयार केला होता, आणि माझ्याखेरीज ते कुणालाच माहीत नव्हतं.

हिंजवडी

मागच्या हिवाळ्यात एका कंपनीत बॅटऱ्यांच्या कामासाठी गेलो होतो. फाटकापाशी रांग. गणवेशातला पहारेकरी लांब दांडीला लावलेला आरसा गाड्यांखाली फिरवत होता. माझ्या काचेपाशी आला आणि हसला. सोपानराव. केस पूर्ण पांढरे.

"शेठ! किती दिसांनी. वैनी बऱ्या हायेत?"

त्यांची मुलगी आता तिथल्याच एका ऑफिसात आहे. तिनं मोटार घेतली. "म्हनती, दादा तुमी चालवा, तुमी तर जन्मभर चालवली. पन म्या मागंच बसतो. पाय जड हाय माजा. पोरीची नवी गाडी, कशाला खराब करा?"

मी सांगायला तोंड उघडलं. मागून कंपनीच्या बसनं हॉर्न दिला, मग दुसऱ्या बसनं. त्यांनी पास काचेवर लावला, "या शेठ" म्हणाले आणि आडवा बांबू वर केला. काम झाल्यावर मी मागच्या फाटकानं बाहेर पडलो. तिकडून कोथरूड लांब पडतं.

त्यानंतर हे लिहायला बसलो. लिहून छापलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. ते हे वाचतील असंही नाही.

सोपानरावांना मी हे देणं लागतो: त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलीसमोर, माझं लक्ष होतं हे सांगणं. पाय बरोबर होता, दांडा मी जुळवला नव्हता, आणि मला ते माहीत होतं. मग हेच स्टँडवर आणि आपट्यांना. अजून यातलं काहीही मी दिलेलं नाही.